एकशेऐंशीवी खुंटी

मोजणीदाराच्या घरी कपाटाच्या डोक्यावर एक नळकांडं पडून होतं. पत्र्याचं, हातभर लांब, एका बाजूला झाकण. आत गुंडाळलेला नकाशा, आणि नकाशावर तीन सह्या आणि एक गोल शिक्का. जागेचे दोन तुकडे पाडायला आमची हरकत नाही, असं तो शिक्का सांगत होता. आता काम उरलं होतं एकच. नकाशा नोंदणी कचेरीत चार नंबरच्या खिडकीत नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. घरापासून कचेरी पायी वीस मिनिटं. या वीस मिनिटांच्या कामाला मोजणीदाराने सहा महिने लावले.

आळसापायी नाही. त्याला आळशी म्हणाल तर तो अंगावर येईल. सव्वीस वर्षं तो लोकांच्या जमिनी मोजत आला होता. चिखल बघायचा नाही, काटे बघायचे नाहीत, फीत धरायची आणि चालायला लागायचं. त्याला झालं होतं ते निराळंच. तो जळत होता. साडूवर.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंद्याने नकाशेवाला. मोजणीदाराने उन्हात तापून आकडे आणायचे आणि नकाशेवाल्याने पंख्याखाली बसून त्या आकड्यांच्या रेघा करायच्या, असा दोघांचा धंदा एकमेकांत अडकलेला. नकाशा तयार झाला की खाली कोपऱ्यात चौकट असते. त्यात नकाशेवाल्याचं नाव ठळक, आणि मोजणी कोणी केली ते नाव मुंगीच्या पायाएवढं. मोजणीदार मनातल्या मनात त्याला रेघोट्या म्हणायचा. तोंडावर कधी नाही. तोंडावर आपलं "काय, बरं चाललंय ना?"

सासरे जुने सुतार. दोन मुली, मुलगा नाही. त्यांच्या मालकीची एक जागा होती, रस्त्याला बावन्न फूट तोंड आणि आत एकशे वीस फूट खोल. हातपाय चालतात तोवर वाटणी करून टाकू, म्हणजे माझ्या मागे बहिणी-बहिणी भांडायला नकोत, असं त्यांनी ठरवलं. पुढचा तुकडा धाकटीला, कारण रेघोट्याची शेड आठ वर्षांपासून तिथे उभी होती आणि त्याचं दुकान तिच्यातच चालायचं. मागचा तुकडा थोरलीला, आणि मागे जायला एका अंगाने अकरा फुटांचा बोळ.

मोजणी अर्थातच मोजणीदाराने केली. खुंट्या सासऱ्यांनी स्वतः तासून दिल्या, चांगल्या टोकदार, डोक्याला लाल रंग लावलेल्या. ठोकल्या मोजणीदाराने. म्हणजे साडूला रस्ता आणि आपल्याला बोळ, हे त्याने स्वतःच्या हाताने हातोडा मारून पक्कं केलं. वर त्याला हेही ठाऊक होतं की बोळ धरून आपला तुकडा तेराशे वीस चौरस फुटांनी जास्त आहे. हिशोब त्याचाच. पण जळणाऱ्या माणसाला चौरस फूट दिसत नाहीत. त्याला तोंड दिसतं. बोळातून घरात शिरायचं म्हणजे आयुष्यभर साडूच्या भिंतीला अंग घासत जायचं, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

आणि ही जळजळ जागेपासून सुरू झाली होती असंही नाही. ती एकोणीस वर्षं जुनी होती. सासरे धाकट्या जावयाला "बाळा" म्हणायचे, अरे-तुरे करायचे, पाठीत धपाटा घालायचे. थोरल्याला मात्र "या मोजणीदार, बसा मोजणीदार." मान होता, नाही कोण म्हणतं. पण मान म्हणजे पाहुण्याला देतात तो. वाटणीचा नकाशा पहिल्यांदा उलगडला तेव्हा म्हाताऱ्याने रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाळा, काय रेघ आहे रे, रंधा मारल्यासारखी." मग मोजणीदाराकडे वळून विचारलं, "तुम्ही चहा घेतलात ना?"

ज्या रेघेचं कौतुक चाललं होतं ती शोधायला मोजणीदार दोन दिवस कमरेत वाकला होता. त्या दिवशीचा चहा त्याला कडू लागला.

त्यातच कायदा बदलला. आधी मंजूर नकाशा नोंदवायला दोन वर्षं मिळायची, आणि दोन वर्षं उलटली तरी एक अर्ज खरडून खिडकीत सरकवला की काम व्हायचं. लोकांचे नकाशे माळ्यावर पडून पिवळे व्हायचे, कुणाला त्याचं काही नसायचं. नव्या कायद्याने ते सगळं बंद केलं. मंजुरीपासून एकशे ऐंशी दिवस. ज्याने मोजणी केली त्याने स्वतः खिडकीत यायचं, खुंट्या जागेवर आहेत असं लिहून सही करायची, मग नोंद. एकशे ऐंशी दिवस गेले की मंजुरी मेली. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि तोही नव्या नियमाने. नवा नियम असा की प्रत्येक तुकड्याला रस्त्यावर निदान पंचवीस फूट तोंड पाहिजे. आधी आलेल्या अर्जांना तेवढी जुन्या नियमाने मंजुरी.

हे परिपत्रक मोजणीदाराने कामावर उभ्या उभ्या वाचलं आणि त्याच्या डोक्यात आपोआप भागाकार झाला. बावन्नचे अर्धे सव्वीस. अकरा फुटांचा बोळ नव्या नियमात बसतच नाही. म्हणजे जुन्या नियमाची मंजुरी मेली तर पुढचा-मागचा हा प्रकारच संपला, जागा उभीच कापावी लागणार. सव्वीस त्याला, सव्वीस मला. अर्धा रस्ता आपला.

आणि त्यासाठी करायचं काय? काही नाही. हीच तर त्यातली गंमत होती. चोरी नको, भांडण नको, कुणाचं वाईट चिंतायलाही नको. फक्त कपाटाच्या डोक्यावर बघायचं नाही.

नकाशा मंजूर झाला त्याच दिवशी त्याने मोजणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक बारीक उभी खूण केली. दुसऱ्या दिवशी दुसरी. जमिनीवर खुंट्या ठोकत जावं तसं रोज एक. बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं, नकाशा दिलात का? तो म्हणाला, देतो की, घाई काय आहे. तिने परत म्हणून विचारलं नाही. ती शिवणकाम करायची, दिवसभर मशीनवर बसून बायकांचे कपडे घट्ट-सैल करायची आणि मोजकं बोलायची. एवढ्या बोलक्या बापाची लेक पाच-साडेपाच महिने एका शब्दाने विचारत नाही, याचा त्याला संशय यायला हवा होता. आला नाही. जळण्यात माणूस इतका गुंतलेला असतो की शेजारी कोण काय बघतंय ते त्याला दिसत नाही.

मधल्या काळात सासऱ्यांनी दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा तो म्हणाला, कचेरीत गर्दी फार, नवीन कायद्यामुळे सगळे गोंधळलेत. हे खोटं नव्हतं. गर्दी होतीच. तो नव्हता त्या गर्दीत, एवढंच.

शंभर खुणा झाल्या, दीडशे झाल्या. साडूच्या घरी गोडधोड झालं, साडूने शेडला नवा रंग दिला, साडूच्या दारात लोक रांग लावून उभे राहायला लागले, कारण नव्या कायद्याने सगळ्यांनाच नकाशे घाईने हवे होते. मोजणीदार जाता-येता ते बघायचा आणि वहीतल्या खुणा मोजायचा. मग त्याला बरं वाटायचं. दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसं बरं.

एका सोमवारी एकशेऐंशीवी खूण झाली. संध्याकाळी त्याने वही मिटली. मंजुरी मेली. त्याला वाटलं होतं आज जेवण दोन घास जास्त जाईल. गेलं नाही. बायकोने विचारलं, पोट बरं नाही का? तो म्हणाला, ऊन लागलं असेल.

मंगळवारी त्याने ठरवलं की बातमी आधी साडूला एकट्यात द्यायची आणि तोंड पाडून द्यायची. वाक्यं तयार केली. नकाशा मी खिडकीत कधीचाच देऊन ठेवला होता, त्यांनी बाजूला टाकला, पुढे सरकवलाच नाही, आणि काल मुदत संपली बघ. कायद्यापुढे आपलं काय चालणार? वाटेत दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा तर स्वतःलाच खरं वाटलं.

शेडमध्ये पोचला तेव्हा तीन वाजत आले होते. रेघोट्या मोठ्या टेबलावर ओणवा होऊन काम करत होता. खुर्ची पुढे ओढून दिली, पंख्याचं तोंड मोजणीदाराकडे वळवलं. दादा म्हणायचा तो त्याला. मोजणीदाराने सगळं सांगितलं, ठरवल्याप्रमाणे, उसासा जिथे टाकायचा तिथे टाकला.

साडू ओरडला नाही, कचेरीला शिव्या दिल्या नाहीत. पेन्सिल कानावर ठेवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आणलं. मंजुरीची तारीख त्याला पाठ होती. तिच्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि पुढच्या चौकोनापासून मोजायला लागला. ओठ हलत होते, पानं उलटत होती. मग त्याने टोक आजच्या तारखेवर आणून थांबवलं.

"दादा, शेवटचा दिवस आज आहे."

मोजणीदार म्हणाला, काल होता, मी रोज मोजलाय. बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण जास्त बोललो. पण साडूचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने टेबलावरची लाकडी पट्टी उचलून दाखवली. पट्टीच्या कडेला शून्य होतं.

"तुम्ही मंजुरीचा दिवस एक धरलात. तो शून्य. कायद्यात तसंच लिहिलंय, मंजुरीचा दिवस सोडून. मी रोज दहा जणांना सांगतो."

मोजणीदाराने त्या शून्यावर बोट ठेवलं. सव्वीस वर्षं तो खुंट्या मोजत होता. पहिली खुंटी ठोकली की एक, दुसरी ठोकली की दोन. शंभर खुंट्यांत अंतरं नव्याण्णवच असतात, हे तो झोपेतही सांगेल. पण दिवस मोजताना त्याने खुंट्या मोजल्या, अंतरं मोजलीच नाहीत. एक दिवस शिल्लक होता. तो आजचा, आणि त्यातलाही दीड तास, कारण खिडकी साडेचारला बंद व्हायची.

साडूने स्कूटरची किल्ली घेतलीसुद्धा. म्हणाला, चला, खिडकीवर नकाशा आहे ना, मग उभं राहून आत टाकून घेऊ. सही तुमचीच लागणार, मी रांग धरतो.

आता काय करतो? बसला मागे. ज्या माणसाच्या जागेवर सहा महिने पाणी फिरवायला बसला होता, त्याच माणसाच्या खांद्याला धरून स्कूटरवर बसला. वारा तोंडावर येत होता. अजूनही मार्ग होता. खिडकीवर जायचं, नकाशा सापडत नाही म्हणायचं, गठ्ठे उपसायला लावायचे, साडेचार वाजवायचे. कुणालाही कधी कळलं नसतं. पुढे साडूच्या मानेवर पेन्सिलीचा काळा डाग होता, घाईत पुसायचा राहिलेला. मोजणीदार त्या डागाकडे बघत बसला.

चौकात साडूने उजवीकडे वळायला हात काढला.

"डावीकडे घे," मोजणीदार म्हणाला.

"कचेरी उजवीकडे आहे, दादा."

"घरी घे. नकाशा घरी आहे."

मागून एकाने हॉर्न वाजवला. साडूने मागे वळून बघितलं नाही. हात आत घेतला, दुसरा काढला आणि डावीकडे वळला. घर येईपर्यंत मोजणीदाराला वाटत राहिलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर किती सोपं झालं असतं.

घराचं दार उघडंच होतं. बायको उंबऱ्यात उभी, पायात चपला, काखेत नळकांडं. नळकांडं फडक्याने पुसलेलं. दुसऱ्या हातात नवऱ्याचा शिक्का आणि शाईची डबी. दोघांकडे बघून तिने सगळं त्याच्या हातात दिलं.

"साडेतीनपर्यंत थांबणार होते," ती म्हणाली. "मग तुम्हाला शोधून ओढत नेणार होते."

तिला तारीख कशी ठाऊक, एवढंच त्याच्या तोंडून आलं. ती म्हणाली, मी पहिल्याच आठवड्यात खिडकीत जाऊन विचारून आले होते. मग गप्प का राहिलीस, हे त्याने विचारलं नाही, पण त्याचं उत्तर तिने दिलंच.

"बघत होते, तुम्ही कुठवर मोजता ते."

साडू रस्त्याकडे बघत स्कूटर चालू ठेवून उभा होता. ऐकू आलं नसल्यासारखा. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कचेरीत चार नंबरला सोळा माणसं पुढे. भिंतीवर नव्या कायद्याचा मोठा तक्ता लावलेला, कोणत्या तारखेची मंजुरी कोणत्या तारखेला संपते त्याचा. आजच्या तारखेपुढे कुणीतरी पेनाने गोल केला होता. घड्याळात तीन चाळीस. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. दोघं एकामागे एक उभे. बऱ्याच वेळाने साडू पुढे बघतच हळू आवाजात बोलला.

"जागा उभी कापावी लागली असती."

"हो."

"सव्वीस-सव्वीस?"

"हो."

"भिंत कुठून गेली असती, ते बघितलं होतंत?"

मोजणीदाराने बघितलं होतं. एका रविवारी शेड बंद असताना त्याने फीत लावूनही बघितली होती.

"तुझ्या टेबलावरून," तो म्हणाला.

साडूने नाकातून श्वास सोडला. हसला की काय झालं, ते मागून दिसलं नाही. मग म्हणाला, "निदान बरोबर मधून?"

"चार बोटं तुझ्या बाजूला जास्त आली असती."

"मेहेरबानी," साडू म्हणाला. रांग एका माणसाने पुढे सरकली.

खिडकीतल्या बाईंनी चार वाजून वीस मिनिटांनी नळकांडं उघडलं. नकाशा बघितला, तारीख बघितली, तक्ता बघितला, चष्म्यावरून या दोघांना बघितलं. म्हणाल्या, शेवटच्या दिवशी येणारे तुम्ही आज नववे. मग छापील कागद पुढे सरकवला. खुंट्या नकाशाप्रमाणे जागेवर आहेत, असं लिहून सही. मोजणीदाराने पेन हातात घेतलं. हे तो डोळे मिटून लिहू शकत होता. सहा महिने दर रविवारी तो त्या खुंट्या बघायला जात होता, सगळ्या नवरीसारख्या लाल डोक्याने उभ्या होत्या. लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बाईंनी पोच फाडून दिली.

तिथून दोघं सासऱ्यांकडे गेले. बायको आधीच येऊन बसली होती, धाकटी बहीणही आली होती. म्हातारा ओसरीवर लाकूड तासत बसलेला. साडूने पोच त्यांच्या हातात दिली आणि सरळ सांगून टाकलं, "दादांनी आज नकाशा नोंदवून टाकला. फार गर्दी होती."

बस. एवढंच. घरी पडून राहिलेलं नळकांडं नाही, स्कूटर नाही, टेबलावरची भिंत नाही. म्हातारा खूश झाला. चष्मा लावून पोच दोनदा वाचली आणि म्हणाला, "मोजणीदार, तुम्ही होतात म्हणून झालं. तुमच्या हातात काम दिलं की मी निवांत झोपतो."

एकोणीस वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते आले, आणि ते साडूने आणून दिलेले. मोजणीदाराने साडूकडे बघितलं. तो शांत बसून पाणी पीत होता, जसं काही केलंच नाही. आणि मोजणीदाराच्या अंगाचा पुन्हा भडका उडाला. रस्ता याचा, रेघ याची, "बाळा" याला. आता मोठेपणाही यालाच? पदरात घालून घ्यायचा आणि जन्मभर याच्या उपकाराखाली राहायचं? खरं सांगायचं तर त्याला पश्चात्तापाने तोंड उघडावंसं वाटलं नाही. जळूनच उघडलं.

"मी नकाशा दाबून ठेवला होता," तो म्हणाला. "सहा महिने. मुद्दाम. मुदत संपली की जागा उभी कापायला लागेल आणि मला अर्धा रस्ता मिळेल म्हणून. हा गप्प बसलाय, पण याला ठाऊक आहे."

धाकटीच्या हातातला कप बशीवर वाजला. म्हाताऱ्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं, रंधा त्याच्यावर ठेवला. बोलला तेव्हा आवाज चढवला नाही.

"रस्ता हवा होता तर बोलायचं होतंस, गाढवा. मी काय तुला परका होतो?"

मोजणीदार खाली पडलेल्या भुशाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, उद्या सकाळी फीत घेऊन ये. खुंट्या कुजतील, त्यांच्या जागी दगड रोवायचे आहेत. पहार साडू धरेल, तू नुसतं ओळंब्याने बघ सरळ आहेत का. आणि रेघ कोणाची कशी आहे ते नंतर बघू.

घरी जाताना नवरा-बायको पायी निघाले. दिवस मावळायला होता, दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे एकेक लागत होते. साडू मागून येऊन स्कूटरवरून पुढे गेला, धाकटी त्याच्या मागे बसून काहीतरी हातवारे करत होती. नक्की आपल्याबद्दलच, मोजणीदाराला वाटलं. जाताना साडूने हात केला. मोजणीदारानेही केला, अर्धा.

बायकोने विचारलं, "गेली का जळजळ?"

त्याने खोटं बोलावं असा विचार केला. मग दिवसभरात पुरेसं बोलून झालंय, हे आठवलं.

"राहिलीय थोडी."

"किती?"

त्याने चालता चालता डोळे बारीक केले, जसे तो मोजायच्या आधी जागेवरून नजर फिरवताना करायचा.

"अकरा फूट," तो म्हणाला.

ती हसली नाही. म्हणाली, बोळाच्या तोंडाशी मी फाटक लावणार आहे, आणि त्याचा रंग मी ठरवणार. त्याने विचारलं, कुठला? ती म्हणाली, ते तुम्हाला कशाला, तुम्ही दगड सरळ रोवा.